रिकाम्या खाचेतले बटण

मोटारीत बसल्यावर डॅशबोर्डाकडे कधी नीट पाहिले आहे काय? बटणांच्या रांगेत एखाददुसरी जागा अशी असते की तिथे बटण नसते; नुसती काळी झाकणी बसवलेली असते. बटणाच्याच मापाची, बटणाच्याच आकाराची, पण दाबली तर ढिम्म. पुष्कळांना ही झाकणी म्हणजे आपला अपमान वाटतो. ‘आपण वरच्या प्रतीची गाडी घेतली नाही, ह्याची रोज आठवण राहावी म्हणून ती ठेवलेली असते,’ असे आमचे एक शेजारी म्हणतात. खरी गोष्ट इतकी मानापमानाची नाही. कारखान्यात एकाच साच्यातून अनेक देशांसाठी आणि अनेक प्रतींच्या गाड्या निघतात. तारांचे जुडगेही पुष्कळदा एकच असते. ज्या देशात एखादे बटण द्यायचे नाही, तिथे त्या खाचेवर झाकणी येते. त्यामुळे कधीकधी अशी मौज होते की झाकणीमागे तारा तयार, तारांच्या टोकाला प्लग तयार, आणि नसते ते फक्त बटण.

असे एक बटण बसवण्याच्या समारंभाला २०२३ च्या डिसेंबरात मी हजर होतो. स्थळ अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेनव्हर शहराच्या पश्चिमेस, डोंगराच्या पायथ्याशी. गाडी १९९४ सालची टोयोटा लँड क्रूझर. आणि मालक माझा भाचा. बटणाचे काम अर्ध्या तासात उरकले. त्याच्यावरून घरात जो वाद झाला तो मात्र तीन दिवस चालला, आणि त्या वादात एक मुद्दा असा निघाला की तो ह्या सदराच्या वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले. पण त्यासाठी थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे. ज्यांना डिफरन्शियल म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत.

शाळेच्या कवायतीत मुलांची रांग वळते तेव्हा काय होते ते आठवा. आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटत असतो आणि बाहेरच्या टोकाचा धापा टाकीत पळत असतो. गाडीच्या चाकांचे तसेच आहे. बैलगाडीला ह्याची फिकीर नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात. पण मोटारीत इंजिनाने चाके फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली तर वळणावर एक तरी चाक फरफटत जाणार. ह्यावर दातेरी चक्रांची तोड फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर ह्याने १८२० च्या दशकात, वाफेच्या गाडीसाठी, काढली. हेच डिफरन्शियल. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण वेग ज्याचा त्याला ठरवू देते.

ह्या गुणातच त्याचा अवगुण आहे. जोर सारखा वाटायचा म्हणजे दुबळ्याला झेपेल तेवढाच दोघांना द्यायचा. एक चाक बर्फावर असेल तर ते गरगर फिरायला जोर असा कितीसा लागणार? जेवढा त्याला लागतो तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो, मग ते दुसरे चाक कोरड्या दगडावर का असेना. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. ताकद कुणाकडेच जात नाही. एक चाक तमाशा करते आणि दुसरे स्वस्थ बसून पाहते. ह्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल तात्पुरते जखडून टाकायचे. त्यालाच ‘लॉक’ म्हणतात.

आता चार चाकांनी ओढणारी गाडी घ्या. पुढच्या जोडीत एक डिफरन्शियल, मागच्या जोडीत एक, हे तर आलेच. पण वळताना पुढची जोडी आणि मागची जोडी ह्यांचेही अंतर सारखे नसते. ह्या लँड क्रूझरच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.८५ मीटरचे अंतर आहे. बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक सहा मीटर त्रिज्येने अर्धे वर्तुळ वळले, तर ते जवळजवळ १९ मीटर जाते आणि त्याच बाजूचे मागचे चाक साडेसोळा मीटर. एवढ्याशा वळणात सव्वादोन मीटरांचा फरक! पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडलेले असले तर हा फरक कुठे जायचा? माती असली तर चाके थोडी घसरून तो फेडून टाकतात. कोरड्या डांबरावर मात्र पिळलेल्या धोतरासारखा सगळ्या यंत्रणेत पीळ भरत जातो. स्टिअरिंग जड होते, टायर करकरतात, आणि कुठेतरी काहीतरी तुटायच्या बेतास येते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जोडायला घेतलेली जीप ज्यांनी चालवली त्यांना हा पीळ चांगला ठाऊक असेल. तिच्यात मधले डिफरन्शियल नव्हतेच. चिखल आला की चार चाके जोडायची, डांबर आले की सोडायची. पुढे जिप्सीचे तेच आणि आजच्या थारचेही तेच. म्हणून थार घेऊन घाटात फिरणाऱ्या तरुण मंडळींना इथेच सांगून ठेवतो: ह्या लेखातले बटण तुमच्या गाडीला नाही. जे डिफरन्शियल गाडीत नाही ते लॉक कसे करणार? आणि पुण्याच्या गुरखा गाडीत जे लॉक असतात ते पुढच्या आणि मागच्या जोडीचे. ते काम निराळे.

मधले, म्हणजे तिसरे डिफरन्शियल ज्या गाड्यांत आले त्या बारा महिने चारही चाकांनी ओढतात. १९७० ची इंग्लंडची रेंज रोव्हर अशी होती, १९७७ ची रशियन निवा अशी होती. दोहोंतही मधले डिफरन्शियल जखडण्याची सोय चालकाच्या हाताशी दिलेली होती. टोयोटाची लँड क्रूझर ही मूळची जीपच्या धर्तीची गाडी. १९५१ साली ती निघाली आणि १९५४ साली तिला हे नाव मिळाले. तिची ऐंशी क्रमांकाची मालिका १९९० च्या सुमारास बाजारात आली. त्या मालिकेच्या ज्या गाड्यांत मधले डिफरन्शियल होते, त्यांतल्या ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेलेल्या गाड्यांना ते जखडण्याचे बटण डॅशबोर्डावर मिळाले. भाच्याच्या गाडीसारख्या अमेरिकेतल्या गाड्यांना झाकणी मिळाली.

पण बटण नाही म्हणून लॉक नाही असे मात्र नव्हे. गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो, त्याने ‘हाय’ किंवा ‘लो’ निवडायचे. ‘लो’मध्ये गाडी सुमारे अडीचपट हळू आणि अडीचपट जोराने चालते. अमेरिकेतल्या गाडीत ‘लो’ लावले की मधले डिफरन्शियल आपोआप जखडते. ‘हाय’ लावले की सुटते. कारखान्यातल्या शहाण्यांनी विचार केला असावा की ज्याने ‘लो’ लावले तो नक्कीच अडचणीत आहे, त्याला आणखी काही विचारत बसू नये. विचार वाईट नाही. पण त्यामुळे चालकाच्या हातून दोन गोष्टी गेल्या. ‘हाय’मध्ये लॉक हवे असेल तर ते मिळत नाही, आणि ‘लो’मध्ये नको असेल तर ते सुटत नाही. भाच्याला दोन्ही हव्या होत्या. वाद झाला तो दुसरीवरून.

पहिलीचे काम सोपे. भाच्याने एका भंगारवाल्याकडून जुने, पण अस्सल बटण पैदा केले होते. लोणच्याची कृती जशी एका घरातून दुसऱ्या घरात जाते तशी ह्या कामाची कृती लँड क्रूझरवाल्यांत फिरत असते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली. मग झाकणी काढली. तिला पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून काढायची, स्क्रूड्रायव्हर घातला तर डॅशबोर्डाला जन्माचा ओरखडा. मागे हात घालून भाच्याने प्लग शोधला. तीस वर्षे हा बिचारा अंधारात कुणाची तरी वाट पाहत लोंबकळत होता! बटण त्याला जोडले, खटकन आवाज आला, आणि बटण खाचेत असे बसले की जणू जन्मापासून तिथेच होते. बॅटरी जोडून गाडी सुरू केली आणि बटण दाबले. काहीच झाले नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, ‘जरा पुढे घे, मागे घे.’ कारण हे बटण म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. ते दाबले की खाली ट्रान्सफर केसवरची एक छोटी विजेची मोटर दातेरी कडे सरकवते. दात दातांसमोर आले तरच ते बसते. गाडी चार पावले सरकली आणि डॅशबोर्डावर नारिंगी दिवा लागला. त्याच वेळी एबीएसचाही दिवा लागला, तेव्हा भाचेसूनबाई म्हणाल्या, ‘झालं! एक लावायला गेलात आणि दुसरं बिघडवलंत.’ तसे नव्हते. पुढचा-मागचा दांडा एकत्र जखडला की चाकांचे वेग एकमेकांना बांधले जातात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा सांभाळणाऱ्या एबीएसचा हिशेब चुकतो. म्हणून लॉक असेपर्यंत ह्या गाडीत ते बंद ठेवलेले असते. ही गोष्ट बटण बसवणाऱ्या प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवावी. लॉक ओढायला मदत करते, थांबायला नव्हे. बर्फात लॉकच्या जोरावर भरधाव निघालेली गाडी चढणीवर सर्वांच्या पुढे असते, आणि उतारावरही सर्वांच्या पुढे असते, खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे परीक्षा झाली. घरापासून मोठ्या रस्त्याकडे जाणारी गल्ली चढाची, रात्री बर्फ पडून वर काचेसारखा थर. भाचेसूनबाई इस्पितळात काम करतात, त्यांना सहाच्या पाळीला जायचे. बटण न दाबता गाडी अर्ध्या चढावर गेली आणि पुढचे एक चाक घरघरू लागले. ह्या गाडीच्या मधल्या डिफरन्शियलला एक चिकट द्रवाचा जोड असतो. पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की तो जोड थोडी मदत करतो. पण तो सावकाश जागा होतो, आणि तीस वर्षांच्या वयात कोण लवकर जागे होते? गाडी खाली घेतली, बटण दाबले, दिवा लागला, आणि ‘हाय’मध्येच, बेताच्या वेगाने, कसलाही गाजावाजा न करता गाडी वर गेली. वर मोठा रस्ता मीठ टाकून साफ केलेला होता. तिथे बाईंनी बटण सोडले. दिवा लगेच विझला नाही. स्टिअरिंग थोडे इकडेतिकडे केल्यावर विझला. दातांत पीळ अडकला की असे होते, घाबरू नये.

इथपर्यंत सगळे एकमत होते. संध्याकाळी भाचा म्हणाला, ‘मामा, आता सातवी तार काढू या.’

ही सातवी तार म्हणजे लॉक चालवणाऱ्या नियंत्रक डबीची सात नंबरची पिन. ती सोडवली की ‘लो’ आणि लॉक ह्यांची गाठ सुटते. मग ‘लो’ लावले तरी लॉक बसत नाही. बसवायचे तर बटणानेच. बटण बसवणारे पुष्कळ लोक हे कामही त्याच बैठकीत उरकतात. त्यात तथ्य आहे. मागे नावेचा किंवा सामानाचा गाडा जोडून कोरड्या सिमेंटवर इंचाइंचाने मागे घ्यायचे असेल, तर ‘लो’चा हळू वेग हवा असतो आणि लॉकचा पीळ नको असतो. पण भाच्याकडे ना नाव ना गाडा. त्याच्या डोळ्यांपुढे होती ब्लॅक बेअर खिंड.

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सान वान नावाचे डोंगर आहेत. त्यांत जुन्या खाणींचे रस्ते आहेत, आणि त्यांतला हा एक सुमारे १२,८४० फुटांवरून टेल्युराइड गावाकडे उतरतो. उतरण्याचा भाग एकेरी; एकदा निघालात की परत फिरणे नाही. पाटीसारख्या सुट्या दगडाचा उतार, आणि खाली एकामागून एक अशी नागमोडी वळणे की लांब गाडीला एका दमात वळताच येत नाही. पुढे-मागे करीत वळावे लागते, आणि पुढे म्हणजे कड्याच्या दिशेने. शेजारी ब्रायडल व्हेल धबधबा आहे, ३६५ फुटांचा. सृष्टिसौंदर्य पाहायला चालकाला सवड नसते. भाच्याचे म्हणणे असे की लॉक असले की गाडी सरळ जाऊ पाहते, वळणाचा घेर वाढतो; लॉक सोडून ‘लो’मध्ये वळलो तर एखादी पुढे-मागे वाचेल. हे खरे आहे.

मी म्हटले, ‘अरे, पण उतारावर तुला धरून ठेवतं कोण? ब्रेक तापू नयेत म्हणून “लो”मध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायचं. आणि मधलं डिफरन्शियल सुटं असलं, एक चाक अधांतरी झालं, तर इंजिनाचा लगाम त्या एका चाकापाशी सुटतो. ओढताना जे होतं तेच रोखताना होतं.’ ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुबळ्या चाकाला झेपेल तेवढाच जोर, हा नियम गाडी चढत असो की उतरत असो, तोच आहे. चिकट द्रव थोडे सावरील. पण त्याच्या भरवशावर मी तरी कड्याशी जाणार नाही.

भाचा म्हणाला, ‘मग मी उतरताना बटण दाबीन, वळताना सोडीन. माझ्या हातात आहे ना?’

‘वळणं किती आहेत?’

‘असतील सातआठ.’

‘आणि सुटं झालेलं लॉक पुन्हा बसायला गाडी चार पावलं सरकावी लागते, हे काल पाहिलंस. ती चार पावलं कुठल्या बाजूला सरकणार?’

तो गप्प बसला, पण पटले नव्हते. तरुण माणसाला यंत्राने आपल्याऐवजी निर्णय घेतलेला आवडत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडत नाही. हल्लीच्या गाड्या इतके निर्णय परस्पर घेतात की चालक हा नुसता वजनापुरता उरला आहे. म्हणून बटण बसवण्याच्या मी बाजूचा होतो आणि आहे.

तिसऱ्या दिवशी भाचेसूनबाईंनी एक प्रश्न विचारला. त्या यंत्रातल्या नव्हेत. पण इस्पितळातल्या माणसाला एक सवय असते, कोणती चूक ओरडून सांगते आणि कोणती गप्प राहते हे त्यांना चटकन दिसते. त्या म्हणाल्या, ‘मी बटण दाबून ठेवलं आणि साफ रस्त्यावर सोडायला विसरले, तर मला कळेल ना?’

‘कळेल,’ मी म्हटले. ‘दोन दिवे समोर लागलेले असतील, आणि पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड होईल.’

‘आणि ती सातवी तार काढल्यावर ह्यांनी “लो” लावलं आणि बटण दाबायला विसरले, तर काय दिसेल?’

मी विचार केला. काही दिसणार नाही. दिवा नाही, आवाज नाही, स्टिअरिंग उलट हलके. सगळे ठीक आहे असेच वाटेल, एक चाक अधांतरी होईपर्यंत.

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. खरोखर इतकी वर्षे यंत्रांत घालवून हा फरक इतक्या स्वच्छ शब्दांत मी कुणाकडून ऐकला नव्हता. बटण बसवले म्हणजे गाडीला एक हात जास्त मिळाला. तो हात चुकला तर दिवा लागतो. तार काढली म्हणजे एक राखणदार कमी झाला; तो नाही हे सांगायला कुणीच नाही. दोन्ही कामे एकाच डब्यातली, एकाच पान्याची, म्हणून लोक ती एकच समजतात.

तार काढली नाही. भाच्याचे म्हणणे असे की पुढे कधी नावेचा गाडा घेतलाच, तर तेव्हा त्या तारेवर एक वेगळा खटका बसवीन, गाडा लावताना तोडायचा आणि काम झाले की जोडायचा. ते मला मान्य आहे; मात्र त्या खटक्याला आपला दिवा असला पाहिजे, आणि तोही तांबडा.

ज्या वाचकांचे मुलगे-भाचे परदेशात अशा जुन्या गाड्या बाळगून आहेत त्यांनी एवढे जरूर कळवावे: बटण बसवून झाले की ते विसरून जाऊ नये. ती खालची छोटी मोटर वर्षानुवर्षे पडून राहिली की गंजून अडकते, आणि अडकते ती नेमकी बर्फाच्या दिवशी. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर बटण दाबावे, चार पावले जावे, दिवा लागलेला पाहावा, सोडावे, आणि दिवा विझलेलाही पाहावा. दिवा विझल्याखेरीज डांबरावर येऊ नये.